ब्लूफील्ड्सचा पालो दे मायो : पावसाचं स्वागत, काकांचा आक्षेप आणि आजींचा राग

मुक्काम_सानहोसे | २ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. फार दिवसांनी धागा काढतेय. जिलबी वाटली तर गोड मानून घ्या.

आम्ही तीन वर्षं कोस्टा रिकात आहोत. शेजारी एक आजी राहतात, निकाराग्वाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या ब्लूफील्ड्स गावच्या. सत्तरी उलटलीय. घरात क्रियोल इंग्रजी (आफ्रिकी वंशाच्या तिथल्या लोकांची बोली), बाजारात स्पॅनिश आणि माझ्याशी दोन्हीची भेळ. मे उजाडला की त्यांच्या खिडकीतून नारळाच्या दुधाचा वास आणि एकच एक ठेका यायला लागतो. यंदा विचारलं, तर म्हणाल्या, "आमचा मेपोल. पाऊस येतो ना!" मेपोल म्हणजे सजवलेलं झाड रोवून मे महिन्यात साजरा होणारा नाचाचा सण.

नवऱ्याला सुट्टी होती, म्हणून शेवटच्या आठवड्यात आम्ही गेलोच. मानाग्वाहून आता ब्लूफील्ड्सपर्यंत पक्का रस्ता आहे (२०१९ पासून), पण आजींनी बजावलं होतं की जायचं तर जुन्या वाटेनं. म्हणून एल रामापर्यंत बस आणि पुढे एस्कोंदिदो नदीतून पांगा, म्हणजे लांबट उघडी मोटारबोट. अर्ध्या वाटेत पावसानं गाठलं. बोटवाल्यानं काळ्या प्लास्टिकचा एक लांब कागद मागे सरकवला आणि सगळ्यांनी तो डोक्यावर धरला. आत वीस अनोळखी माणसं, एक कोंबडी आणि आम्ही. कोणी वैतागलं नाही. उलट एक बाई म्हणाली, "आला एकदाचा."

गावात महिनाभर धमाल असते. सरकारी नाव 'मायो या', लोकांच्या तोंडी पालो दे मायो किंवा नुसतं मेपोल. बीहोल्डन, ओल्ड बँक, कॉटन ट्री, पॉइंटीन अशा वाड्यावाड्यांचे नाचाचे संघ असतात, स्पर्धा असते, फिती आणि फळांनी सजवलेली झाडं असतात. ३१ मेच्या रात्री तुलुलू. सगळं गाव रस्त्यावर. जोड्या समोरासमोर हात उंचावून कमान करतात, मागची जोडी कमानीखालून वाकून पुढे येते, पुढे येऊन पुन्हा कमान, आणि असं करत ती कमानच रस्त्यानं चालत जाते. आम्हीही घुसलो. दोन तास नाचलो. गुडघे अजून बोलतायत.

आता मुद्दा. व्हिडिओ घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत काका : "हे काय? ग्रुपवर मुलं आहेत." नाच कमरेचा आहे, जोडीनं आहे, अंगाला अंग लागतं, हे खरंय. परत आल्यावर तोच व्हिडिओ आजींना दाखवला. त्यांनी अर्धा मिनिट पाहून फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा मेपोल नाही."

पुण्याचे काका आणि ब्लूफील्ड्सच्या आजी, दोघांना एकच व्हिडिओ खटकला! मग खरा मेपोल कुठला? आणि जगात पावसाला असं नाचून घेणारे आणखी कोण आहेत? कुणाला माहिती असेल तर लिहा.

---

बोकोबा | २ जून, रात्री १०:५२

व्हिडिओ नाही तर धागा फाऊल.

---

मुक्काम_सानहोसे | २ जून, रात्री १०:५५

@बोकोबा, काका इथले सभासद आहेत.

---

बोकोबा | २ जून, रात्री १०:५६

मग राहू दे. तुलुलूची कमान कल्पनेत बघतो.

---

मृगाचा_किडा | ३ जून, सकाळी ७:१५

छान लिहिलंय, पण एक शंका. आत्ताच आकडे पाहिले. ब्लूफील्ड्सला वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या जवळजवळ पावणेदोन पट. आणि तो बाराही महिने थोडाफार असतोच! आमच्या माणदेशात पावसासाठी नाचले तर समजू शकतो, तिथे ढग दिसला तरी पोरं बाहेर पळतात. यांच्याकडे पाहुणा घरातून जातच नाही, मग स्वागत कसलं करतात? मला तर हा पर्यटन खात्याचा माल वाटतो.

---

ढगफुटी | ३ जून, सकाळी ८:०२

माणदेशींना दुसऱ्याचा पाऊस बघवत नाही हे सिद्ध झालं. (हलके घ्या)

---

वारा_मोजणारा | ३ जून, सकाळी ९:३०

किडाराव, आकडा बरोबर पण महिन्यांची वाटणी बघा. तिथे फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यातल्या त्यात कोरडा काळ. नंतर विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा सूर्यामागोमाग उत्तरेला सरकतो आणि मेच्या मध्यापासून आलेख चढायला लागतो. जुलैत कळस. निकाराग्वाच्या पॅसिफिक बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये पावसाची उघडीप असते, कॅरिबियन बाजूला ती नसते, कारण समुद्रावरून येणारे व्यापारी वारे ओल आणत राहतात. थोडक्यात, आपला मान्सून दार उघडून एकदम आत येतो, यांचा पाऊस दारात ताटकळलेला असतो आणि मेमध्ये आत येतो. स्वागत दोन्हीकडे होऊ शकतं.

---

मुक्काम_सानहोसे | ३ जून, संध्या. ७:२०

@मृगाचा_किडा, हीच शंका मी आजींना विचारली होती. त्या म्हणाल्या, "तू मार्चमध्ये आमच्या विहिरीवर उभी राहिली असतीस तर विचारलं नसतंस." त्यांच्या लहानपणी गावात नळ नव्हते. पत्र्याच्या छपरावरचं पाणी पन्हळीतून पिंपात जायचं, तेच प्यायचं. अंगणातली विहीर उथळ, ती एप्रिलमध्ये गढूळ व्हायची आणि मग तळ दिसायचा. पिंपाचा आवाज बदलतो, असं त्या म्हणाल्या. रिकामं असताना टणटण, पहिल्या पावसात डुबडुब. तो आवाज आला की मेपोल आला. शिवाय कसावा, केळी लावायची ती याच दिवसांत.

म्हणजे पर्यटन खात्याच्या आधीपासून पिंप होतं.

---

मृगाचा_किडा | ३ जून, संध्या. ७:४१

पिंपाचा आवाज! शंका मागे घेतली. आमच्या गावी टँकरचा आवाज असतो.

---

जुनी_वही | ३ जून, रात्री ११:१०

उत्तम धागा. इतिहासाबद्दल थोडं.

निकाराग्वाचा हा किनारा स्पॅनिशांच्या हाती कधीच नीट आला नाही. इथे मिस्किटो या स्थानिक जमातीचे राजे आणि त्यांच्या पाठीशी इंग्रज होते. ब्लूफील्ड्स हे नावही ब्लाउफेल्ट नावाच्या डच चाच्यावरून आलंय म्हणतात. इंग्रज मळेवाल्यांनी जमैकाकडून आफ्रिकी गुलाम आणले. १७८६ च्या इंग्लंड-स्पेन तहात इंग्रजांना किनारा सोडावा लागला, तेव्हा बहुतेक मळेवाले आपले गुलाम घेऊन बेलीझला गेले, मागे राहिलेल्या आणि पळून आलेल्या लोकांतून ब्लूफील्ड्स, पर्ल लगून इथला क्रियोल समाज उभा राहिला. जवळच्या कॉर्न आयलंडवर गुलाम मुक्त झाले ते १८४१ च्या ऑगस्टमध्ये. २७ ऑगस्टला तिथे अजून खेकड्याचं सूप करून तो दिवस साजरा करतात.

मेपोल मूळचा इंग्लंडचा. गावात खांब रोवायचा, भोवती नाचायचं, वसंत आला म्हणून. तो बहुधा जमैकामार्गे इथे आला. पण कॅरिबियन किनाऱ्यावर मेमध्ये कुठला वसंत! इथे मेमध्ये येतो तो पाऊस. खांब तोच, महिना तोच, पण ज्याच्यासाठी नाचायचं ते बदललं. नाचणारी पावलंही आफ्रिकेची. म्हणून इंग्लंडचा मेपोल आणि ब्लूफील्ड्सचा मेपोल शेजारी ठेवले तर बहीण-भाऊ सोडा, गाववालेही वाटणार नाहीत.

---

तिरकस_तात्या | ४ जून, सकाळी ६:५०

म्हणजे मालकांचा सण गुलामांनी उचलला, आणि आता तीच 'आमची परंपरा'. उसनवारीला परंपरा म्हणायची फॅशन सगळीकडेच आहे म्हणा.

---

माजघर | ४ जून, सकाळी ९:०५

तात्या, तुम्ही एकादशीला काय खाता?

---

तिरकस_तात्या | ४ जून, सकाळी ९:२०

साबुदाण्याची खिचडी. का?

---

माजघर | ४ जून, सकाळी ९:२२

साबुदाणा कसाव्याचा. कसावा दक्षिण अमेरिकेतला. वरचे दाणे भुईमुगाचे, तेही तिकडचेच. मिरची तिकडची, बटाटा तिकडचा. तुमच्या विठोबाचा उपास पार अटलांटिकपलीकडून उसना आणलाय. खिचडी आपली की नाही ते तेवढं सांगा.

---

ढगफुटी | ४ जून, सकाळी ९:२५

तात्या चीतपट. पंच कुठायत?

---

तिरकस_तात्या | ४ जून, दु. १२:०१

जिरं आपलं आहे. (तेही नसेल तर सांगू नका, जेवायला बसलोय.)

---

काणकोणकार | ४ जून, रात्री ८:४५

फिती आणि झाड वाचल्यावर राहवलं नाही. आमच्याकडे गोव्यात शिगम्याला गोफ खेळतात, काणकोण-सांगे भागात जास्त. वर मध्यभागी रंगीत दोर बांधलेले असतात, प्रत्येक गड्याच्या हातात एक दोर. गाण्याच्या तालावर एकमेकांना आतून-बाहेरून ओलांडत नाचायचं की वर दोरांची सुंदर वेणी पडते. पण खरी परीक्षा पुढे असते. मग उलट्या पावलांनी नाचून तीच वेणी सोडवायची. एक जण चुकला की गाठ. लहानपणी मी चुकलो होतो. सगळा मांड थांबला आणि आजोबा शिडी घेऊन वर चढले. चाळीस वर्षं झाली, गावात अजून मला 'गाठ' म्हणतात.

महाराष्ट्रातही टिपऱ्यांबरोबर गोफ असतो. ब्लूफील्ड्सला फिती विणतात की नुसत्या बांधतात?

---

मुक्काम_सानहोसे | ४ जून, रात्री ९:३०

@काणकोणकार, 'गाठ' काका, दंडवत! मी पाहिलं त्यात शाळेतल्या मुलींनी फिती विणून दाखवल्या, पण तो दाखवण्याचा कार्यक्रम होता. संघांच्या नाचात झाड मंचाच्या कोपऱ्यात उभं असतं, फिती वाऱ्यावर. आणि तुलुलूत तर झाड नव्हतंच, निदान मला दिसलं नाही.

---

जुनी_वही | ४ जून, रात्री १०:१५

गोफाचा आणि मेपोलचा संबंध लावायचा मोह कुणाला होईल म्हणून आधीच सांगतो, पुरावा नाही. दोर वरून सोडला आणि दहा माणसं भोवती उभी केली की वेणी कुणालाही सुचेल.

आणि एक गंमत. फिती विणण्याचा प्रकार जुन्या इंग्लंडातही नव्हता! तो व्हिक्टोरियन काळात, १९व्या शतकात आला आणि शाळांनी पसरवला. त्याआधीचा मेपोल म्हणजे नुसता उंच खांब, फुलं, पाला, दारू आणि रात्रभर नाच. प्युरिटन मंडळींना तो इतका खुपला की १६४४ मध्ये पार्लमेंटनं सगळे मेपोल पाडायचा हुकूम काढला. कारण काय, तर मूर्तिपूजा आणि चावटपणा. १६६० मध्ये राजा परत आला तेव्हा खांब परत आले.

तेव्हा मुक्काम_सानहोसे, तुमच्या काकांच्या आक्षेपाला निदान पावणेचारशे वर्षांची परंपरा आहे.

---

बोकोबा | ४ जून, रात्री १०:१८

काका अखेर परंपरावादी ठरले!

---

घुंगरू_नव्हे_पैंजण | ५ जून, सकाळी १०:००

हसण्यावारी नेताय, पण मला यात लावणी दिसते. मी स्वतः शिकलेय म्हणून सांगते. बैठकीच्या लावणीत बाई बसून, नुसत्या डोळ्यांनी आणि एका हातानं अख्खी बैठक खिळवते. तीच लावणी मोठ्या मंचावर आली की लांबच्या प्रेक्षकाला डोळे दिसत नाहीत, मग कंबर मोठी करावी लागते. डीजे आला की तीही कमी पडते. मग पांढरपेशे म्हणतात अश्लील आणि जुन्या बाया म्हणतात ही लावणीच नव्हे. दोघांची वाक्यं सारखी असली तरी दुःखं वेगळी आहेत.

ब्लूफील्ड्सला नाच मंचावर कधी गेला? माझ्या मते उत्तर तिथे आहे.

---

जुनी_वही | ५ जून, दु. १:३०

@घुंगरू, नेमका प्रश्न.

१८९४ मध्ये निकाराग्वानं (अध्यक्ष सेलाया) सैन्य पाठवून हा प्रदेश ताब्यात घेतला. शेवटचा मिस्किटो प्रमुख जमैकाला पळाला. त्यानंतर राजधानी मानाग्वा, भाषा स्पॅनिश, आणि किनारा म्हणजे मागास कोपरा. त्याआधीपासून, १८४९ पासून, गावात मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाचं मिशन होतं, जर्मन पाद्री. त्यांना नाचाचं वावडं. म्हणजे मेपोल चर्चला नको होता आणि राजधानीला ठाऊक नव्हता. तो अंगणात टिकला.

१९७९ च्या क्रांतीनंतर नव्या सरकारला लोककला हव्या होत्या. ऐंशीच्या दशकात वाड्यांचे संघ, स्पर्धा, मंच, टीव्ही आला. त्याच काळात दिमेन्सिओन कोस्तेन्या या ब्लूफील्ड्सच्या बँडनं हा ठेका विजेच्या गिटारांवर चढवून देशभर नेला. १९८७ मध्ये किनाऱ्याला स्वायत्ततेचा कायदा मिळाला. ऑक्टोबर १९८८ मध्ये जोआन चक्रीवादळानं ब्लूफील्ड्स जवळजवळ जमीनदोस्त केलं. एवढं सगळं एका दशकात.

नाच जोडीचा, वेगाचा आणि कमरेचा झाला तो याच सुमाराला असं तिथल्या जुन्या लोकांचं म्हणणं आहे. त्यांच्या सांगण्यानुसार पूर्वी पायघोळ झगे घातलेल्या पोक्त बायका झाडाभोवती रिंगण धरायच्या, एकेक जण मध्ये येऊन नाचायची, अंग ताठ, पाऊल ठेक्यावर.

---

आगाऊ_पोरगी | ५ जून, दु. ३:४५

सॉरी, पण दर पिढीला आपल्या आधीची पिढी सोज्वळ वाटते. आफ्रिकेतून आलेला नाच कमरेचा नव्हता यावर माझा विश्वास नाही. पाद्री बघत असताना बायका ताठ नाचायच्या, नसताना कशा नाचायच्या हे कुणी लिहून ठेवलंय? उलट आत्ताचे पोरं जास्त मूळ असू शकतील.

आणि अश्लील म्हणजे काय? काकांचा प्रॉब्लेम कंबर नसून कंबर हलवणाऱ्या बाईचं हसू आहे.

---

तिरकस_तात्या | ५ जून, दु. ४:१०

पोरगी आगाऊ आहे पण पहिला परिच्छेद बरोबर आहे. (दुसऱ्यावर मौन. घरात राहायचंय.)

---

ढोलकी_पार्टी | ५ जून, रात्री ९:००

अहो, वाद्यांबद्दल कुणीच लिहीत नाही! काय वाजतं तिथे?

---

मुक्काम_सानहोसे | ५ जून, रात्री ९:५०

@ढोलकी_पार्टी, मंचावर कीबोर्ड आणि ड्रमसेट. पण एका संध्याकाळी धक्क्याजवळ म्हाताऱ्यांचा एक ताफा बसला होता. बँजो, गिटार, मराकस (खुळखुळे) आणि एक उलटा पत्र्याचा टब. टबाला भोक पाडून दोरी, दोरीचं दुसरं टोक काठीला. काठी मागे रेलली की दोरी ताणते आणि सूर चढतो, पुढे आणली की उतरतो. झाला बास! दुसऱ्याच्या हातात गाढवाच्या जबड्याचं हाड. वाळलेलं, दात खोबणीत खिळखिळे. मूठ मारली की सगळे दात एकदम खुळखुळतात, काडी फिरवली की करकर. मला म्हणाले वाजवून बघ. मी घाबरत घाबरत एक बुक्की मारली आणि अंगावर काटा आला.

गाणी क्रियोलमध्ये असतात, त्यामुळे मानाग्वाच्या पाहुण्यांना शब्द कळत नव्हते आणि मला निम्मे कळत होते. आयुष्यात पहिल्यांदा स्पॅनिश बोलणाऱ्यांपेक्षा वरचढ ठरले. गाण्यांत 'मायाया' नावाची कोणी सतत येते, तिची किल्ली हरवलेली असते. ती देवी, की मे महिना, की शेजारची बाई, हे चार जणांनी मला चार प्रकारे सांगितलं.

---

ढोलकी_पार्टी | ५ जून, रात्री ९:५८

गाढवाचा जबडा! आमच्या ताफ्यात दोन आहेत, पण ते जिवंत आहेत आणि ताल सोडून वाजतात.

---

राजपुरी_खाडी | ६ जून, सकाळी ८:१०

आमच्या मुरूड-जंजिऱ्याच्या सिद्दींचा या लोकांशी काही संबंध असेल का? तेही आफ्रिकेतून आलेले.

---

जुनी_वही | ६ जून, सकाळी ११:४०

खंड एक, वाटा दोन. सिद्दी पूर्व आफ्रिकेकडून अरबी समुद्र ओलांडून आले. काही गुलाम म्हणून, काही सैनिक आणि खलाशी म्हणून, आणि जंजिऱ्याला तर राज्यकर्ते झाले. क्रियोलांचे पूर्वज बहुतांशी पश्चिम आफ्रिकेतून अटलांटिक ओलांडून कॅरिबियन मळ्यांवर नेलेले. गुजरातच्या सिद्दींची धमाल बघितलीत तर मात्र ठेका ऐकून तुमच्याच मनात हा प्रश्न पुन्हा येईल.

---

माजघर | ६ जून, दु. १२:३०

इतकं नाचून झालं, आता खायला द्या. नारळाच्या दुधाचा वास कसला होता?

---

मुक्काम_सानहोसे | ६ जून, संध्या. ६:१५

रोन्दोन! मूळ शब्द 'रन डाऊन', म्हणजे सगळं आटत खाली बसेपर्यंत शिजवायचं. आजींची पद्धत : मोठ्या पातेल्यात नारळाचं दूध (डब्यातलं घातलं तर त्या बोलत नाहीत), तळाशी कसावा, कच्ची केळी, आळकुडीसारखा कंद आणि नीरफणस. वरून मासा, कांदा, ढोबळी मिरची आणि भोपळ्याच्या आकाराची एक बुटकी मिरची, पण ती अख्खी, फोडायची नाही. फुटली तर जेवण रद्द. मंद आचेवर झाकून. माझ्या कोकणातल्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "त्रिफळं घाल."

सोबत नारळाचा पाव आणि आल्याचं पेय.

---

माजघर | ६ जून, संध्या. ६:३०

नीरफणस तिथेही? वा! हा पुन्हा तात्यांसाठी : तो मूळचा पॅसिफिक बेटांचा. मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खायला घालायला कॅप्टन ब्लाय यानं १७९३ मध्ये जहाजातून रोपं कॅरिबियनला आणली. आता तिथलं कुठलं पातेलं त्याच्यावाचून पूर्ण होतं?

---

तिरकस_तात्या | ६ जून, संध्या. ६:३२

मी काही बोललोय का?

---

कुडाळी_मालवणी | ६ जून, रात्री १०:०५

उद्या मिरग! आमच्याकडे नाच-बीच काय नाय. मिरगाक कोंबडो आणि वडे, राखणदाराक मान, आणि दुसऱ्या दिवशी नांगर. पावसाचा स्वागत पोटान करतंव. धागाकर्तीक आमंत्रण.

---

पानाफुलांचा_दादला | ७ जून, सकाळी ७:००

एक अवांतर. निकाराग्वाचं राष्ट्रीय फूल साकुआन्होचे. फोटो शोधून बघा, तुम्हाला हसू येईल. तो आपला पांढरा चाफा आहे, देवळाबाहेरचा, खुरचाफा. मूळ त्यांच्याकडचं झाड, आपल्याकडे नंतर आलं. कोरड्या दिवसांत पानं झडून नुसत्या काड्या उरतात आणि पावसाच्या तोंडावर आधी फुलं येतात. तिथेही मेचं फूलच म्हणतात त्याला. माणदेश, कोकण आणि ब्लूफील्ड्स, तिन्हीकडे चाफ्याला कळतं.

---

घुंगरू_नव्हे_पैंजण | ७ जून, सकाळी ९:४०

चाफा, साबुदाणा, कोंबडा, सगळं झालं. पण मूळ प्रश्न तसाच आहे. आजी नक्की कशावर रागावल्या? कंबर हे आपण गृहीत धरलंय. मुक्काम_सानहोसे, त्यांना एकदा सरळ विचाराल का?

---

आगाऊ_पोरगी | ७ जून, सकाळी ९:४५

+१. आणि पाद्री नसताना त्या कशा नाचायच्या हेही विचारा. माझ्या वतीनं.

---

मुक्काम_सानहोसे | ८ जून, रात्री ११:३०

विचारलं. जसं झालं तसं लिहिते.

आज दुपारी इथेही धो धो होता. आजी पडवीत बसल्या होत्या. व्हिडिओ परत लावला आणि विचारलं की यात वाईट काय आहे. त्या म्हणाल्या, "ती मुलगी? छान नाचते. कंबर चांगली आहे." मी म्हटलं, मग? त्यांनी बोटानं स्क्रीनचा कोपरा दाखवला, जिथे झाड उभं होतं. "ह्याच्याकडे पाठ करून नाचतायत सगळी."

मंच आहे ना, प्रेक्षक समोर, झाड मागे. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग त्या सांगत गेल्या. झाड कुणाच्या तरी अंगणात रोवायचे. वाडीतली प्रत्येक बाई घरून काहीतरी आणायची, आंबा, संत्रं, केळ्याची फणी, नीरफणस, ज्याच्याकडे काही नाही तो कागदी फूल आणायचा. सगळं फांद्यांना बांधायचं. रिंगण झाडाकडे तोंड करून. बघे नसायचेच, जो येईल त्यानं रिंगणात शिरायचं. नाच संपला की झाडावर तुटून पडायचं, जे हाताला लागेल ते आपलं. त्यांना एकदा एक बाहुली मिळाली होती, ती कुणी बांधली हे शेवटपर्यंत कळलं नाही. "तुझ्या व्हिडिओतली फळं बघ," म्हणाल्या. मी मोठं करून पाहिलं. प्लास्टिकची होती.

@आगाऊ_पोरगी, तुझाही प्रश्न विचारला. त्या बराच वेळ हसल्या. मग उठल्या, खुर्चीची पाठ धरली आणि चार पावलं टाकून दाखवली. सत्तरी उलटलेली बाई. मी एवढंच लिहीन की काकांनी तो व्हिडिओही डिलीट करायला लावला असता.

---

आगाऊ_पोरगी | ८ जून, रात्री ११:३४

मी म्हटलं नव्हतं? मी म्हटलं नव्हतं?

---

घुंगरू_नव्हे_पैंजण | ९ जून, सकाळी ७:५०

झाडाकडे पाठ. आमच्या गुरू शेवटच्या दिवसांत म्हणायच्या की ढोलकीवाल्याकडे बघायचं सोडून पोरी कॅमेऱ्याकडे बघतात. आज कळलं.

---

जुनी_वही | ९ जून, सकाळी ८:३०

तरी एक बाजू सांगतो. मंच नसता तर १९८८ नंतर ते अंगणही उरलं नसतं, झाडही नाही आणि आपण हा धागाही वाचला नसता. वादळानंतर लोकांनी छप्पर घालायच्या आधी संघ जमवले असतील असं नाही, पण स्पर्धा होती म्हणून पोरांना पावलं येत राहिली. आणि तुलुलू अजून मंचावर चढलेला नाही. त्याला बघे नाहीत.

---

मुक्काम_सानहोसे | ९ जून, सकाळी ८:४१

तुलुलूचं आजींनाही मान्य आहे. "ते ठीक आहे," म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुरस्कारच.

---

काणकोणकार | ९ जून, सकाळी ९:१५

पुढच्या मेमध्ये त्यांच्या पडवीत झाड रोवा. फळं खरी. कुडाळकर कोंबडा आणतील, माजघर साबुदाणा, मी दोर आणतो.

---

ढगफुटी | ९ जून, सकाळी ९:१७

दोर आणा, पण विणायला दुसरं कुणीतरी ठेवा. आणि शिडी विसरू नका.

---

मुक्काम_सानहोसे | ९ जून, सकाळी ९:२५

आजींना वाचून दाखवलं. विचारतायत की कोंबडी रोन्दोनमध्ये चालेल, पण त्रिफळं म्हणजे काय.